सुर्ल्याचे ट्रक आणि विनोदिनी टीचरचा करंट

विनोदिनी टीचरला एकदा खूळ लागलं की देवसुद्धा हात जोडून बाजूला होतो. सध्याचं खूळ व्हिडिओंचं. गोव्यातल्या सुर्ल्याच्या बाजूला एका शाळेत ती विज्ञान शिकवते, आणि अवघड धडा आला की दोन मिनिटांचा व्हिडिओ करून मुलांच्या ग्रुपवर टाकते. पेशी समजवायला तिने फणस फोडला, हातभर चीक लागला, फोनलाही लागला. नवरा कृष्णनाथ तिचा कॅमेरामन. पगार काय, तर चहा!

पण विजेच्या धड्यापुढे तिचंही डोकं चालेना. करंट, व्होल्टेज, रेझिस्टन्स! मुलं व्याख्या पोपटासारखी म्हणत आणि प्रश्न जरा उलटा विचारला की छताकडे बघत. हेडसर वैतागले. "टीचर, या चाचणीत दहावीचा वर्ग सुधारला नाही, तर ही फिल्लमबाजी बंद. खडू आणि फळा, बस्स!" मागच्या बाकावरच्या मुली व्हिडिओ बघून आता कुठे तोंड उघडायला लागल्या होत्या. त्या परत मुक्या झाल्या असत्या.

विनोदिनी रात्रभर तळमळली, आणि सकाळी दार उघडलं तर उत्तर अंगणातच उभं! गावची लोखंडाची खाण बंद झाल्यापासून ताडपत्री पांघरून बसलेला कृष्णनाथचा ट्रक.

"अहो, करंट म्हणजे ट्रक!" ती ओरडलीच. "खाण म्हणजे बॅटरी. भरलेले ट्रक खाली नदीच्या जेटीवर, रिकामे परत वर. आणि देवळाकडचा तो अरुंद रस्ता म्हणजे रेझिस्टन्स!"

"अगो, ट्रक म्हणजे काय तुझो खडू?" कृष्णनाथ म्हणाला. पण डोळे चमकले हो त्याचे! रविवारी वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले, आणखी चार ट्रक त्यानेच गोळा केले.

आता इतके दिवस उभी राहिलेली गाडी आपल्याकडे कोणी अशीच बाहेर काढतं का? धुतली, कुंकू लावलं, झेंडूचे हार घातले, पुढे लिंबू-मिरची लटकवली. विनोदिनी आपल्याच तारेत. तिला हार दिसलेच नाहीत. ट्रक उतारावरून धुरळा उडवत निघाले, आणि ही पदर खोचून कॅमेऱ्यापुढे लहान पोरासारखी उड्या मारत किंचाळली, "बघा, बघा! ट्रक सुटले!"

झालं! कोण्या महाभागाने ग्रुपवरच्या व्हिडिओची सुरुवात तेवढी कापली आणि पुढे ढकलली. शिकवणं राहिलं मागे. हार घातलेले ट्रक आणि टीचरची आरोळी गावोगाव पोचली. लोकांनी एकच अर्थ काढला, खाण सुरू झाली! सगळ्यात आधी हात जोडलेली खूण कोणी टाकली असेल? हेडसरांनी! त्यांच्या भावाचाही ट्रक होता ना.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी हीऽ गर्दी. हॉर्न काय, पेढे काय! पुढे सदाशिव, हातात नारळ. दोडामार्गाहून ट्रक चालवायला आलेला माणूस. खाण बंद पडल्यावर मिळेल ते काम करत इथेच राहिला. त्याची रेश्मा दहावीत, मागच्या बाकावर.

"टीचर, आमचो नंबर कधी लागतलो?" त्याने विचारलं.

विनोदिनीचं सगळं हसू जागच्या जागी विरलं. कशीबशी म्हणाली, "सदाशिवभाऊ, खाण सुरू नाही झाली. तो धडा होता. चुकलं माझं." हॉर्न थांबले. पेढेवाल्याने डबा बंद केला. हेडसर लालबुंद होऊन म्हणाले, "पुरे झाले व्हिडिओ! आजपासून बंद!"

सदाशिवला मात्र पटेना. "पण ट्रक तर चलले! मी बघितलंय!"

तेव्हा रेश्मा गर्दीतून पुढे आली. वर्गात कधी धड उभीही न राहणारी पोर. "बाबा, ते ट्रक वाड्यावर फिरून परत इले. करंट तसो जायना. खाणीतून जेटी आणि जेटीवरून परत खाण, अख्खी वाट उघडी असूक होयी. वाटेत एक गेट बंद असलो तर त्याच्या पुढचो ट्रक हलना, मागचो हलना. सगळे एकाच वेळी थांबतत."

"आणि गाडी चांगली असली तर?" हेडसरांनीच विचारलं. राग विसरून, मास्तरकी जागी होऊन.

"तरी थांबतली, सर. गाडीत काय बिघडूक नाय. डायवरात पण नाय."

सदाशिव मुलीकडे बघतच राहिला. मग त्याने खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले आणि एकदम मोठ्याने हसला. "ऐकलात ना रे? आमच्यात बिघाड नाय!"

हेडसरांनी खिशातून फोन काढला आणि विनोदिनीला हळूच म्हणाले, "तो अख्खा व्हिडिओ मलाही पाठवा, टीचर. भावाला दाखवायचाय."