चार सिलिंडरचं इंजिन

हे गेले त्याला सात आठवडे झाले. बातमी मला कुणाकडून कळावी लागली नाही. मी त्याच गाडीत मागे बसले होते.

नांद्याला रस्त्याकडेला ह्यांचं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालत्या करून दिल्या, आम्ही दोघं मात्र कुठं गेलो नाही. मूलबाळ नाही. शेवटी ह्यांनी एका शाळेची मोडीत काढलेली मिनीबस आणली. बाक काढून कॉट बसवली, ओटा केला, टपावर पाण्याची मोठी टाकी ठेवली. "चाकावरचं घर गं. कट्टाळा आला की गाव बदलायचं," म्हणायचे. बसचं इंजिन गेलेलं होतं. भंगारात दोन चांगली मिळाली, एक चार सिलिंडरचं, एक सहाचं. शेजारचे टर्नर दत्तूभाऊजी म्हणाले, "सहाचं घे बबन. ताम्हिणीच्या वाटंला चढ हायेत, थट्टा न्हाई." हे म्हणाले, "त्याला पुढची चासी कापाया लागंल. आन् घरात मानसं दोन हायेत, हत्ती न्हाई." तरी अंदाजावर गेले नाहीत. सगळं सामान भरून, मला कॉटवर बसवून, ट्रॅक्टरला बांधून गाडी विटांच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर नेली. काट्यावरची माणसं हसायला लागली, मी तोंडावर पदर घेतला. आकडा बघून हे म्हणाले, "चारचं पुरतंय. फकस्त टाकी रिकामी ठिवायची. पानी चढ सरल्यावर भरू."

निघायच्या सकाळी हे डिझेल आणायला गेले आणि मी नळी लावून टाकी काठोकाठ भरली. नव्या घरात रिकाम्या भांड्यांनी जाऊ नये, असं आमच्यात मानतात. ह्यांना सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून बोलले नाही. पौड मागे पडल्यावर ह्यांनी विचारलं, "गाडी जड वढतीया. काय भरलंयस का गं?"

मी म्हणाले, "न्हाई. काय भरनार?"

मुळशी धरणाच्या पुढच्या चढावर इंजिन दमलं, बंद पडलं. हँडब्रेक धरेना. गाडी गिअरात ठेवून हे चाकाला दगड लावायला उतरले... गाडी मागं आली. डोंगराला टेकून थांबली. मला खरचटलंसुद्धा नाही.

दहाव्याला दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "आख्ख्या मुळशीची इंजिनं उघडली, आन् सवताच्या घराला निवडता आलं न्हाई." लोकांनी माना हलवल्या. ह्यांचं कामातलं नाव, तेवढंच मागे उरलं होतं. तरी मी गप्प राहिले.

परवा दत्तूभाऊजी गाडी बघायला आले, तेव्हा सांगितलं, "टाकी भरलेली हुती. मी भरली हुती."

त्यांनी टपावरच्या टाकीकडं बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, त्याला कळलं नसंल व्हय? इंजिनाचा आवाज वळखनारा मानूस."

"मग थांबले का न्हाईत?"

"तुमी न्हाई म्हनला न्हवं..."

संध्याकाळी मी दिरांच्या ओसरीवर गेले. चार पुरुष बसले होते. त्यांच्यापुढं तोवर मी तोंड उघडलेलं नव्हतं. म्हणाले, "इंजिन बराबर हुतं. टाकी मी भरली हुती, आन् खोटं बी मीच बोलले." दीर चहाचा कप खाली ठेवायचंही विसरले.

तिथून येऊन गाडीत चढले. ओट्यावरचा नळ ह्यांनी माझ्या उंचीला बसवलाय, त्यांना स्वतःला हात धुवायला वाकावं लागायचं. तो सोडला. टाकी रिकामी व्हायला फार वेळ लागला... मी तिथंच उभी होते.