साहेबांचा जुना पाया

त्यांना वहिनी हे नाव दिरामुळे पडलं. दीर आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. त्यानेच त्यांना इथे कामाला लावलं आणि सवयीने 'वहिनी, वहिनी' करत राहिला. पुढे तो दुसरीकडे गेला, पण नाव इथेच राहिलं. वयाने दहा वर्षं मोठे असलेले साहेबही त्यांना वहिनीच म्हणत.

पत्रं टाइप करणं, नकाशे छापून घेणं, साहेबांचा हरवलेला चष्मा साहेबांच्याच कपाळावरून काढून देणं, यात अठरा वर्षं गेली. पसारा दिसला की वहिनींचे हात शिवशिवत. दुसऱ्याचं कपाट आवरताना त्या आतलं सगळं वाचूनही काढत. पण बोलत नसत. निदान वेळ येईपर्यंत.

गेल्या वर्षी साहेबांचा कॉम्प्युटर तुंबला. नकाशा उघडायला घेतला की पडद्यावरचं चक्र फिरतच बसे, आणि डिस्क भरल्याची लाल पट्टी काही हटेना.

"जुनं सगळं पुसून टाका," साहेब म्हणाले.

"पुसायचं कशाला? सगळं क्लाउडवर आहेच. इथली जागा तेवढी मोकळी करते. फाइल दिसेल इथे, असेल तिथे. लागली की क्लिक करायचं, उतरून येते."

"म्हणजे इथे आहे की नाही?"

"आहे. पण नाही."

सगळं समजल्यासारखी मान डोलावून साहेब साइटवर निघून गेले.

वहिनी एकेक फोल्डर तपासू लागल्या. शाळा, दवाखाना, गोदाम. सगळ्यांत जाडजूड निघाला 'जुना पाया'. चाळीस जीबी! एवढा पाया तर ऑफिसच्या एकाही इमारतीला लागला नव्हता. त्यांनी उघडून पाहिलं. आत दोनशे चौदा व्हिडिओ. जेवणाच्या सुट्टीत साहेब दार लावून डुलकी काढतात, असा सगळ्यांचा समज होता. साहेब आत गात होते! सूर बेताचाच, पण हातवारे थेट उस्तादाचे. वहिनींनी तोंडावर हात दाबून हसू आवरलं.

एका व्हिडिओत मात्र गाणं नव्हतं. साहेब कॅमेऱ्यात बघून सराव करत होते, "वहिनी, या महिन्यात रजा जमणार नाही." एकदा साधं. मग कडक आवाजात. मग खिन्न होऊन. मग हसून.

बहिणीकडे जायला वहिनींनी दोनदा रजा मागितली होती आणि दोन्ही वेळा हेच वाक्य ऐकलं होतं. त्यांनी फोल्डर बंद केला, त्याचीही जागा मोकळी केली आणि जेवणाचा डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी साहेबांना 'जुना पाया'वर ढगाची खूण दिसली. आता हे कोणीही बघणार, या धास्तीने त्यांनी तो पुसून टाकला. मोबाइलवर आहेच, या भरवशावर. घरी जाऊन बघतात तर मोबाइलवरूनही फोल्डर गायब.

सकाळी ते वहिनींच्या टेबलाशी घुटमळले.

"वहिनी, समजा एखादी गोष्ट पुसली गेली, तर सगळीकडूनच जाते?"

"जाते की. सिंक म्हणतात त्याला. काय गेलं?"

"काही नाही हो. एक जुना पाया."

"कुठल्या बिल्डिंगचा?"

"तसा... सगळ्यांचाच."

"मग आपल्या नव्या ड्राफ्ट्समनला विचारते. त्याच्याकडे कागदी प्रत असेल."

"नको, नको!" साहेबांचे कान लाल झाले. "गाणी आहेत. माझी."

"अस्सं होय," वहिनी निरागसपणे म्हणाल्या. "क्लाउडच्या कचरापेटीत तीस दिवस राहतात. आणते परत."

फोल्डर परत आला आणि साहेबांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वहिनींनी आठ दिवसांच्या रजेचा अर्ज पुढे सरकवला.

साहेबांनी घसा खाकरला. "वहिनी, या महिन्यात..."

"...रजा जमणार नाही," वहिनींनी वाक्य पुरं केलं, अगदी साहेबांच्याच खिन्न आवाजात. "पण साहेब, चौथी तऱ्हा तुम्हाला जास्त शोभते. ती हसून म्हणता ती."

मुद्देमालासकट सापडलेल्या चोरासारखे साहेब बघत राहिले. मग त्यांनाच हसू फुटलं. त्यांनी सही केली आणि हळूच विचारलं, "सूर कसा वाटला?"

"वर चढताना जपून. जिना अरुंद आहे."

बहिणीकडे गेल्यावर तिसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन आला. "वहिनी, शाळेचा नकाशा दिसतोय, पण उघडत नाहीये!"

"ढगाच्या खुणेवर क्लिक करा आणि थांबा दोन मिनिटं. तोवर गा काहीतरी."

 पलीकडे खरंच गुणगुणणं सुरू झालं. वहिनींनी फोन स्पीकरवर टाकला आणि बहिणीला खुणेने जवळ बोलावलं.