बिननावाचं बाळ घेऊन हावडा ते सियालदा

मागच्या मंगळवारी पोस्टमननं पार्सल आणून दिलं. आलेला माल असा: लहान मुलीचा पिवळा फ्रॉक एक, हातानं शिवलेला, लाल काठाचा. गंगाजलाची बाटली एक, झाकण सैल, अर्धी सांडलेली. कागदाच्या पुडीत कवड्या तीन. चिठ्ठी नाही. टपालखर्च तिकिटांवरून सत्त्याण्णव रुपये, तो पाठवणारीनं भरलेला. आमचा खर्च म्हणजे पोस्टमनला पाजलेला एक कप चहा. पाठवणारीचं नाव आणि घर नंबर सांडलेल्या पाण्यानं फुगून गेले आहेत. ‘हावडा’ तेवढं वाचता येतं.

फुकट कोणी कोणाला काही पाठवत नाही, असं मी मानते. म्हणून तो सगळा प्रवास पहिल्यापासून आठवून लिहिते आहे. लेकरू, पाहुणे आणि सामान घेऊन ज्यांना कोलकाता पार करायचं असेल, त्यांच्याही कामी येईल.

माझी मुलगी रंजू बाळंतपणाला आमच्याकडे दवनीवाड्याला आली होती. तिचं पहिलं लेकरू पंधरा दिवसांचं होऊन गेलं. म्हणून या खेपेला तिच्या सासूबाई, तिरोड्याच्या कौसल्याबाई, मातामाय देवीला नवस बोलल्या. बाप मांडीवर घेत नाही तोवर बाळाला नाव ठेवायचं नाही, नवं कापड घालायचं नाही. पाच घरची जुनी कापडं मागून आणायची आणि तीच घालायची. बापानंही तोवर तोंड पाहायचं नाही, मोबाईलवरसुद्धा नाही. पोरगी कोणाच्या डोळ्यात भरू नये, दैवाच्याही नाही, एवढाच यातला अर्थ.

जावई पहाडात रस्त्याच्या कामावर मशीन चालवतात. दिवाळीला सुट्टी मिळाली नाही. मग त्यांचा निरोप आला की दोन दिवस न्यू जलपाईगुडीला उतरतो, तिथं या. एकदा वर गेले की बर्फ वितळेपर्यंत खाली येणं नाही. म्हणजे ही भेट चुकली असती तर पोरगी उन्हाळ्यापर्यंत मागितलेल्या कापडात, बिननावाची राहिली असती. धानाची कापणी चालू होती, म्हणून आमचे हे घरीच राहिले. निघालो आम्ही चौघं: मी, रंजू, कौसल्याबाई आणि माझे धाकटे दीर धनराज भाऊजी. पाचवी अडीच महिन्यांची पोरगी.

भाऊजी राईसमिलचा एक पुर्जा आणायला कधीकाळी कोलकात्याला जाऊन आले होते.

“वहिनी, कोलकाता आपल्या हातचं गाव हाय. तुम्ही फक्त मागं मागं या.”

मी तेव्हाच ओळखलं, हा माणूस चुकणार.

सामान आठ नग होतं. जावयासाठी घरच्या तांदळाचा कट्टा, रजई, डिंकाच्या लाडवांचा डबा, पत्र्याची पेटी, बारशासाठी विहीणबाईंचा घडीचा पाळणा, शिवाय पिशव्या. गोंदियाच्या स्टेशनावर मी आठही नग धानाचे भारे बांधायच्या दोरानं एकमेकांना बांधून टाकले, जसे बैल दावणीला. एक ओढलं की सातांना कळावं.

“काऊन इतक्या गाठी मारल्या वहिनी? कुलीले उचलता येत नाई.”

“चोरालेही येत नाई,” मी म्हटलं.

गाडीत सोबत घेतलेल्या तिखट पुऱ्या आणि जवसाची चटणी दोन वेळा पुरली. विकत फक्त चहा. कोणी दिलेलं खाल्लं नाही. रायपूरला चढलेल्या एका बाईनं बाळाला बिस्किट पुढं केलं. अडीच महिन्यांच्या लेकराला बिस्किट! मी तिच्याकडे पाठ केली.

गाडी सकाळी पोचायची ती दुपारी अडीचला हावड्याला लागली. पुढची गाडी सियालद्याहून साडेपाचला. ही दोन स्टेशनं एकाच शहरात असली तरी मधे गंगा आहे आणि माणसांचा पूर आहे. पिवळ्या टॅक्सीवाल्यानं सातशे सांगितले. भाऊजींनी हिंदी झाडून साडेतीनशेवर आणलं. पण आमची दावण मागच्या डिक्कीत मावेना. अर्धे नग आत सीटवर आले आणि सगळ्या माणसांना जागाच उरली नाही.

गाठी सोडायला मी बसले. सुटेनात. प्रवासात आवळून दगड झाल्या होत्या. विळा घरी.

“तुम्ही तिघी मेट्रोनं जा,” भाऊजी म्हणाले. “गंगेच्या खालून जाते. माणशी दहा रुपये. दहा-बारा मिनिटं.”

“अन् सामानाजवळ?”

“मी हावो ना.”

“म्हणूनच मले तांदळासंगं जाऊ द्या,” विहीणबाई म्हणाल्या आणि पेटीवर चढून बसल्या. “हा माणूस टॅक्सीवाल्याले कट्टा देऊन हात हालवत येईल.”

असे आम्ही दोन भाग झालो. टॅक्सी पुलाकडे गेली तेव्हा मी तिचा नंबर हातावर पेननं लिहून घेतला.

मेट्रो स्टेशन हावडा स्टेशनाला लागूनच आहे, पण खाली उतरत उतरत जावं लागतं. सरकत्या जिन्यावर साडीचा काठ सांभाळा. खाली गारवा, चकचकीत फरशी, कुठंही कागद पडलेला नाही. इतकी स्वच्छता पाहून मला उलट धास्तीच वाटली. रंजू म्हणाली, “आई, धर हिला, मी आलेच,” आणि बाथरूमकडे गेली. तिचा मोबाईल माझ्या पिशवीत.

तिकिटाच्या रांगेत माझ्या पुढं एक साठीची बाई होती. सुती साडी, चष्मा, हातात छत्री, पांढऱ्या-लाल बांगड्या. ती वळून वळून बाळाकडे पाहू लागली. मी पदर ओढून तोंड झाकलं. तिनं वाकून पाहिलं. मी बाजू बदलली, तर तीही सरकली. पोरं पळवणाऱ्या बायांच्या किती गोष्टी मोबाईलवर येतात. मी बाळाला छातीशी असं आवळलं की ते जागं होऊन कळवळून रडायला लागलं. भूक लागली होती. रंजूचा पत्ता नाही.

बाई रांग सोडून तपासणीच्या दारापाशी गेली आणि तिथल्या गणवेशातल्या पोरीच्या कानाला लागली. दोघी माझ्याकडे आल्या.

“बच्चा किसका है?”

“हमारा.”

“इसका माँ किधर है?” चष्म्यावालीनं विचारलं.

“बाथरूम में.”

“नाम क्या है बच्चे का?”

“नाम नहीं है.”

“उमर?”

परक्या माणसाला लेकराचं वय सांगू नये. मी पदर आणखी ओढला.

गणवेशातल्या पोरीनं पदर बाजूला केला. आत आमची पोरगी: कपाळभर काजळ, गालावर काजळ, अंगात कोणाच्या तरी पोराचं विटलेलं झबलं, पायात दोन रंगांचे मोजे. आणि मी स्वतः प्रवासाला निघताना नेसलेल्या चांगल्या साडीत.

“ये कपड़े?”

“माँगके लाए,” मी म्हटलं. खरं तेच सांगितलं. तिचा चेहरा बदलला तो मला दिसला. आजूबाजूचे लोक थांबले. आयुष्यभर मी दुसऱ्यांवर नजर ठेवत आले. आपल्यावर नजर ठेवली की कसं लागतं, ते त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात रंजू धावत आली. आत लांब रांग होती म्हणे. बाळाला घेतलं तसं ते हुंदके देत तिच्या अंगाशी शिरलं. पण गणवेशातली पोरगी कर्तव्याला पक्की. ती म्हणाली, कागद दाखवा. दवाखान्याचं कार्ड पेटीत, पेटी टॅक्सीत, टॅक्सी पुलावर. मग म्हणाली, बापाला व्हिडिओ कॉल लावा.

“नाही,” मी म्हटलं.

“आई, लाव ना! सव्वातीन वाजले.”

“तोंड पाहायचं नाही त्यानं. सगळं वाया जाईल.”

शेवटी नुसता फोन लावला. जावयाला विचारलं, मुलीच्या अंगावर काही खूण आहे का? जावई खरं बोलणारा माणूस. म्हणाला, “मैंने अभी तक देखा नहीं है.”

झालं! स्वतःच्या लेकराची खूण न सांगणारा बाप, नाव नसलेलं लेकरू, मागितलेले कपडे. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर मीच तिला धरून बसवलं असतं. आम्हाला बाकावर बसवलं. घड्याळ समोरच होतं. मी मातामायचं नाव घेत होते आणि सव्वातीनचे साडेतीन होताना पाहत होते.

चष्म्यावाली जवळच उभी होती. तिनं बाळाचं झबलं दोन बोटांत धरून पाहिलं. मग पायमोजे. मग रंजूला हळूच विचारलं, “इसके पहले एक था?”

रंजू रडायला लागली. मानेनंच हो म्हणाली.

ती बाई माझ्या शेजारी बसली. “मेरे पहले दो भाई गया. तब मेरा माँ मुझे पड़ोसन को बेच दिया. तीन कौड़ी में. जिससे भगवान समझे, ये इस घर का नहीं है. आज भी घर में सब मुझे तिनकौड़ी बुलाता है.”

मग ती उठून त्या गणवेशातल्या पोरीशी बंगालीत भराभर बोलली. काय बोलली ते कळलं नाही, पण त्या पोरीनं आधी तिच्याकडे, मग बाळाकडे पाहिलं, रंजूचा फोन नंबर लिहून घेतला आणि म्हणाली, “जाइए.” जाताना तिनं बाळाच्या मोज्याला हात लावला.

बाई आमच्यासोबतच गाडीत चढली. तिला सियालद्याला बहिणीकडे जायचं होतं. थोड्याच वेळात बोगद्यात निळे दिवे लागले.

“अभी ऊपर गंगा है,” ती म्हणाली.

माझ्या पदराच्या गाठीत बाळाचा रुपया होता, हळदकुंकू लावून लाल कापडात बांधलेला. गाडीनं वैनगंगा ओलांडतानाही आम्ही नाणं टाकतो. ही तर साक्षात गंगा आणि पोरीची पहिलीच. पण गंगा डोक्यावर असताना नाणं टाकायचं कुठं? मी गाठ हातात धरून बसले. बाईनं पाहिलं, हात पुढं केला. “हमारा घर घाट के पास है. मैं डालेगा.”

तासाभरापूर्वी मी तिला पोरं पळवणारी समजत होते. तीही मला तेच समजत होती. मी रुपया दिला, पण तिनं तो कुठल्या खणात ठेवला ते नीट पाहून ठेवलं. तिनं आमचा पत्ता मागितला, तोही दिला, पिनकोडसकट.

सियालद्याला आम्ही चारच्या आत पोचलो. टॅक्सी नाही. पाच वाजले, टॅक्सी नाही. मातीच्या भांड्यातला चहा आणि मुरमुरे घेतले आणि रस्त्याकडे पाहत तसेच हातात धरून बसलो. पाच वाजून बारा मिनिटांनी फलाटाच्या तोंडाशी आरडाओरडा ऐकू आला. आमची दावण येत होती. पुढं दोन कुली, मागं भाऊजी, आणि मधे पाळणा डोक्यावर घेतलेल्या विहीणबाई.

“हातचं गाव!” त्या ओरडत होत्या. “पुलावर दीड तास! याच्या हातचं गाव!”

“मी का ट्रॅफिक लावली का?” भाऊजी म्हणाले.

गाठींमुळे आठही नग एका फेरीत डब्यात चढले, एवढं मात्र लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यू जलपाईगुडीच्या फलाटावर जावई उभे होते. विहीणबाईंनी त्यांना आधी बाकावर बसवलं, मग पोरगी मांडीवर दिली. त्यांनी तिचे दोन रंगांचे मोजे काढून आपल्या खिशात ठेवले. बारसं लॉजच्या खोलीत झालं. परतीला सामान हलकं होतं, सगळेच मेट्रोनं आलो. त्या बाईला मी प्रत्येक डब्यात शोधलं. दिसली नाही.

आणि आता हे पार्सल. विहीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, “तीन कवड्या? पोरगी इकत घेतली का तिनं? कायले ठेवून घेतल्या? धाडा वापस!”

मी कवड्या देवघरात ठेवल्या आहेत. परत पाठवल्या नाहीत, पोरीच्या गळ्यातही बांधल्या नाहीत. फ्रॉक बरोबर बसतो. न मापता इतका बरोबर कसा बसला, याचाही मी विचार करते आहे.

तिनकौडीदीदी, रंजू हेच हिंदीत करून या मजकुराखाली लावणार आहे. हावड्याचं कोणी वाचत असेल, तर घाटाजवळच्या तिनकौडीदीदींना दाखवा. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. आमचा रुपया गंगेत पडला का? आणि कवड्या आहेर म्हणून पाठवल्या की किंमत म्हणून? किंमत असेल तर पोरीवर तुमचा हक्क लागला, आणि हक्क लागला की येणंजाणंही लागलं. पहिल्या वाढदिवसाला दवनीवाड्याला यावं लागेल, त्यातून सुटका नाही.

त्या दिवशी तुम्ही नाव विचारलं होतं. आता सांगायला हरकत नाही. आरोही. पत्ता तुमच्याकडे आहेच, पिनकोडसकट. उलट टपाली कळवा.