शेजारची टेकडी

झोसिमा दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुलखाचे अबोल, आणि हट्टी तर विचारूच नका. पिनेगा नदीकाठच्या आमच्या गावात हिवाळाभर झोपलेल्या अस्वलाचं बीळ दिसलं तरी तोंडातून काढायचं नाही, अशी रीत. कुणी फारच खोदून विचारलं तर शेजारच्या टेकडीचं नाव सांगायचं. “सांगितलेलं बीळ मेलेलं,” असं दाजी म्हणायचे आणि बायकोलासुद्धा खोटीच टेकडी सांगायचे. ताईने जन्मभर त्यांना त्यावरून टोमणे मारले.

त्या हिवाळ्यात लाकूडवाल्यांचा रस्ता आला. अस्वल झोपलं असेल ती जागा टाळून रस्ता न्यायचा, असा नियम होता म्हणे. मुकादम वादिम घरी येऊन आदराने विचारत होता, सांगाल ती जागा सोडतो म्हणाला. दाजी नुकतेच बीळ पाहून आले होते. बर्फात वाटीएवढं भोक, वरच्या फांद्यांवर श्वासाची वाफ गोठून पिवळी पडलेली, आत पिल्लांची कुरकुर. ती वाचावीत म्हणून दाजींचा जीव तुटत होता. पण मेली जिभेची सवय! म्हणाले, “जळक्या टेकडीवर.” ताई त्यांच्याकडे बघतच राहिली.

यंत्रांची घरघर रोज थोडी जवळ येऊ लागली. एका सकाळी ती भलत्याच बाजूने आली. दाजींच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. जळकी टेकडी टाळून रस्ता भूर्जांच्या उतारावर, थेट खऱ्या बिळाकडे वळवला होता. वादिमने शब्द पाळला होता.

दाजी कोट न घालताच धावले, मागून मी. धापा टाकत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खरी जागा सांगितली.

“परवा तिकडे, आज इकडे,” वादिम वैतागला. “उद्या म्हणाल, माझ्या चुलीखाली आहे.”

माणसं हसली. दाजी सरळ त्या भोकाजवळ बर्फात जाऊन बसले. तेव्हा मात्र वादिमने हात वर केला आणि यंत्र थांबलं. मला हायसं वाटलं.

पण आत जाग आली होती. बर्फ फुटला. अस्वलीण दाजींना घासून बाहेर पडली, त्यांच्याकडे पाहिलंही नाही, आणि रानात शिरली. उठवलेली अस्वलीण सहसा परतत नाही. तरी आम्ही सगळे दूर जाऊन अंधार पडेपर्यंत वाट पाहिली.

पिल्लांचा आवाज बारीक होत गेला. शेवटी दाजींनी दोन्ही पिल्लं सदऱ्यात घेतली. एक वाटेतच गार पडलं. गावात भेटेल त्याला, कुणी विचारलेलं नसताना, ते सांगत सुटले, “भूर्जांच्या उतारावर होतं. पडलेल्या झाडाखाली.”