फेरीमागे दोन सेकंद

परवा मी लेकीला फोनवर सांगितलं, ताप उतरला माझा, आता बरं वाटतंय. पूर्वीची ती असती तर म्हणाली असती, मग गुमान पडून राहा. परवा म्हणाली, "किती आहे? थर्मामीटर लावून सांग." मी हसण्यावारी नेलं, पण ती थांबून राहिली. शेवटी थर्मामीटर लावून आकडा वाचून दाखवला, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. तेव्हापासून एकच घोर लागलाय: ही पोरगी यापुढे कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणार आहे की नाही.

तशी ती संशयी कधीच नव्हती. एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात ती कामाला आहे. दोघींनी दोन टोकं धरून ओल्या चादरी तापलेल्या रोलरमध्ये सोडायच्या. एकीचा हात पुढे गेला की चादर तिरकी जाते आणि चुणी पक्की बसते. हिचा हात कधी पुढे जात नाही. तिची जोडीदारीण माझ्याच वयाची आहे, ती हिला 'संथबाई' म्हणते. "आग लागली तरी ही आधी चादरीची घडी पुरी करेल," असं मला तोंडावर सांगते.

धावायचीही तशीच. आठशे मीटर, मैदानाच्या दोन फेऱ्या. बाकीच्या मुली पिसाळलेलं कुत्रं मागे लागल्यासारख्या सुटायच्या आणि दुसऱ्या फेरीत त्यांच्या तोंडाला फेस यायचा. ही आपली मागे, आणि शेवटच्या वळणावर एकेकीला गाठत यायची. हे शिक्षण तिच्या वडिलांचं. हे लिफ्ट दुरुस्त करतात. पण पहाटे गळ्यात स्टॉपवॉच अडकवून रेषेपाशी उभे राहायचे आणि पहिली फेरी संपता संपता सेकंदांचा आकडा ओरडायचे. "घड्याळ बघायचं नाही. पायांना कळलं पाहिजे," म्हणायचे. पुढेपुढे तिच्या पायांना खरंच कळायला लागलं. "बहात्तर ना, बाबा?" "अगदी बहात्तर." कॉलेजच्या शर्यतींत नंबर लागायचे, पण वेळ कुणी सांगत नसे. आमच्या घरात वेळ म्हणजे यांचा आवाज.

गेल्या महिन्यात वीज कंपनीच्या संघाची निवड होती. झाली असती तर धुलाईघर सुटून तिला दिवसाची नोकरी मिळाली असती. मुलींचे गट पाडून धावायला लावलं, निवड मात्र नंबरावर नाही, वेळेवर होती. दोन्ही फेऱ्या बहात्तरच्या झाल्या की निवड पक्की. हिच्या गटात तोडीची कुणी नव्हती. सगळी भिस्त अंगात मुरलेल्या वेगावर आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या वडिलांवर. मी शेजारीच होते. पहिली फेरी संपताना हे ओरडले, "बहात्तर, अशीच चल."

ती अशीच चालली. पहिली आली. आम्हाला हात हलवून दाखवण्याइतका दम तिच्यात उरला होता. तो उरलेला दम आठवला की मला अजून कसंतरी होतं.

फलकावर वेळ लागली. निवडीसाठी हवी होती त्याहून चार सेकंद जास्त. ती पंचांकडे गेली. पंच म्हणाले, "पहिलीच फेरी चौऱ्याहत्तरची. एवढी दाबून का धावलीस?"

ती कुंपणापाशी आली आणि यांच्या गळ्यातलं घड्याळ हातात घेऊन पहिल्या फेरीची नोंद पाहिली. त्यातही चौऱ्याहत्तरच होते.

"चुकून बोललो गं," हे म्हणाले. "गर्दीत नीट दिसलं नाही."

"आणि रोज?"

"रोजचं बरोबर. शप्पथ."

ती आमच्याबरोबर घरी आली नाही. जोडीदारणीच्या खोलीवर गेली, ती अजून तिथेच आहे. पुढच्या महिन्यात निवड पुन्हा आहे. जोडीदारीण म्हणाली, मी मोबाइलवर वेळ लावते, एकदा धावून बघ. तर ही नको म्हणाली. आकडा वेगळा आला तर, ही भीती. परवा थर्मामीटरचं झाल्यावर हळूच मला म्हणाली, "आई, रोजचं बरोबर होतं असं बाबा म्हणतात. तेवढं खरं असलं तर मी त्याच अंदाजानं धावेन. तू विचारशील त्यांना?"

आज जेवताना विचारलं. हे बराच वेळ पानातलं चिवडत बसले. मग म्हणाले, "फेरीमागे दोन सेकंद कमी सांगायचो. शाळेत होती तेव्हापासून. पोरीचा धीर सुटू नये, दुसरं काय. हळूहळू ती खरंच तिथवर पोचेल असं वाटलं होतं."

"आणि त्या दिवशी?"

"तोंडातून निघालंच नाही गं खरं."

माझी आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा यांनीच मला फोन केला होता. ठीक आहेत, सावकाश नीघ, म्हणाले होते. मी सावकाश निघाले. पोचले तेव्हा आई गेली होती. इतकी वर्षं मी समजत होते की यांना डॉक्टरांचं बोलणं नीट कळलं नसेल. आज पानावर बसल्या बसल्या कळलं, त्यांना नीट कळलं होतं.

"तिला यातलं काही सांगू नकोस," हात धुता धुता हे म्हणाले. "रोजचं खरं होतं एवढंच सांग. नाहीतर ती परत रेषेवर उभी राहणार नाही. आणि माझं तोंडही बघणार नाही."

दोन्ही खरं असेल. पण तसं सांगितलं तर ती पुन्हा चौऱ्याहत्तरला बहात्तर समजून धावेल, पुन्हा पहिली येईल आणि पुन्हा फलकाकडे बघत उभी राहील. त्या वेळी खोटं बोलणारी मी असेन.

हे आत घोरताहेत. तिची या आठवड्यात रात्रपाळी आहे, आता रोलर थांबवून चहाला सोडतील. तेवढ्यात तिला फोन लावते.