शेंदराखालचा नंबर

गडमुडशिंगीच्या जोतीराम चौगुल्यांकडे अकरा म्हशी आहेत आणि एक फियाट. फियाट १९७१ ची, त्यांच्या वडिलांनी, बाळासोतात्यांनी, नवी घेतलेली. तिची नोंदणी कधीच संपली. पण रोज सकाळी धारा झाल्या की जोतीराम तिचं इंजिन पाच मिनिटं चालवतात आणि डोळे मिटून ऐकतात.

यंदा धाकट्या भावानं, गुंडूनं, ट्रॅक्टर घेतला आणि त्यासाठी त्याला फियाटची शेड हवी झाली.

"दादा, दसऱ्यापतूर थांबतो. सरकार व्हिंटेज म्हणालं तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर भंगारवाल्याला फोन. म्हस निदान दूध तरी देती की!"

पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राहिलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आमच्याकडे दुधाचा रतीब जोतीरामांचा, म्हणून अर्ज मी भरून दिला आणि कागद तारखेप्रमाणे लावले. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणता येईना, तेव्हा तपासणीला आरटीओच्या निरीक्षक मॅडमच शेडमध्ये आल्या.

त्यांनी दारं उघडून पाहिली, मीटर पाहिला, काचेवरचा शिक्का वाचला. जोतीराम मागं मागं. "समदं कंपनीचंच हाय मॅडम. हॉर्नसुद्धा."

"चेसिस नंबर दाखवा."

बॉनेट उघडलं. नंबर कोरलेल्या पत्र्यावर तळहाताएवढा लालभडक गोळा होता. मॅडमनी कागद ठेवून पेन्सिल घासली. कागदावर नुसतं टेंगूळ उमटलं.

"हे काय?"

"शेंदूर," जोतीराम म्हणाले. "खंडेनवमीला तात्या लावायचे, आता मी. नंबर म्हंजे गाडीचं कपाळ, असं म्हणायचे."

"अहो, पण नंबर दिसल्याशिवाय ही कुठली गाडी, हे मी कशावरून लिहू?"

जोतीराम धावत जाऊन कानस घेऊन आले. मॅडमनी हात आडवा धरला. "थांबा! कानशीचा एक ओरखडा दिसला, तर नंबर खोडला असं मलाच लिहावं लागेल."

ट्रॅक्टरला टेकलेल्या गुंडूनं खिशातून मोबाईल काढला. "झालं. लावू काय फोन?"

जोतीरामांच्या हातातली कानस खाली आली.

दारात बसलेल्या त्यांच्या आई, विठाबाई, उठल्या. "मारुतीचं शेंदराचं कवच निघतं तवा कोन कानस मारतं रं? त्याल ऊन करून आणा."

कोमट तेलात भिजवलेली चिंधी त्यांनी गोळ्याभोवती दाबून बसवली आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं. मॅडमना पुढं शिरोळला जायचं होतं. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण हलल्या नाहीत. अर्ध्या तासानं विठाबाईंनी कळकाची कामटी कडेखाली सरकवली. गोळा अख्खाच्या अख्खा सुटून हातात आला.

खालचा पत्रा कोरा करकरीत, गंजाचा ठिपका नाही. कवचाच्या आतल्या बाजूलाही आकडे उमटले होते, उलटे. मॅडमनी ते कडेनं उजेडात धरलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पुटं दिसत होती. पेन्सिलीच्या टोकानं त्या मोजू लागल्या. "एकेचाळीस... पुढची एकमेकांत बसलीत."

"तात्या गेले त्या साली लावला न्हवता," जोतीराम म्हणाले.

मॅडमनी दुसरा कागद ठेवला. पेन्सिलीखाली एकेक आकडा वर येत गेला. जोतीराम जुन्या आरसी बुकातून मोठ्यानं वाचत गेले. शेवटचा सात दोघांच्या तोंडून एकदमच निघाला.

"शिफारस करते. निर्णय वरच्या समितीचा," असं म्हणत त्यांनी कवचाचेही फोटो काढले. "फाईलला लावता येत नाही, नाहीतर हेच लावलं असतं."

विठाबाईंनी विचारलं, "मग बाई, औंदा शेंदूर कुठं लावायचा?"

"टायरला लावा, आजी."

"टायरला? पायाला शेंदूर लावत्यात व्हय कुठं?"



दसऱ्याला आठ दिवस असताना समितीचं मंजुरीचं पत्र आलं. गुंडूनं ते दोनदा वाचलं. मग त्यानं पहार घेतली आणि गोठ्याच्या पलीकडच्या अंगाला ट्रॅक्टरच्या शेडसाठी खड्डे काढायला लागला. तिसऱ्या खड्ड्याला मान वर करून म्हणाला, "दादा, नुसता बघत काय हुबा ऱ्हायलास? खांब धर की!"