करमाडच्या पुढं चढणारा काटा

चाळीसच्या वेगानं चालवली तर आमच्या जीपचा उष्णतेचा काटा दिवसभर मधल्या रेघेवर निवांत बसून असायचा. साठच्या पुढं नेली की चढायला लागायचा. म्हणजे बदनापूरहून आतल्या खेड्यांत जाणाऱ्या खडीच्या रस्त्यांवर गाडीला काहीच आजार नव्हता. आजार होता तो औरंगाबादच्या हमरस्त्यावर. करमाड मागं पडलं की नाना समोर बघतच विचारायचे, "बाई, कुठं आलाय?"

मी काटा वाचायची. "रेघेच्या वर, नाना."

"किती वर?"

"बोटभर."

मग ते वेग कमी करायचे. मागून येणाऱ्या एसट्या हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून जायच्या.

नाना म्हणजे माझे वडील. जीप घेण्याआधी कितीतरी वर्षं ते ट्रकवर होते. जालन्याची मोसंबी भरून दिल्लीकडे जायचे, तिकडून मिळेल तो माल घेऊन भलतीकडेच. महिना महिना यायचे नाहीत. माझा धाकटा भाऊ बोलायला लागला तेव्हा घरात येणारे बापे म्हणजे त्याचे मामाच असायचे. नाना दारात उभे राहिले तर तो त्यांनाही मामा म्हणाला. सगळे हसले, नानाही हसले. पण त्यानंतर त्यांनी एक जुनी जीप बघितली, ट्रक सोडला आणि स्टँडवर सवाऱ्यांसाठी नंबर लावायला लागले. रोज संध्याकाळी घरी जेवायला लागले. आमच्या घरात ही नवी गोष्ट होती.

पुढं स्टँडवर जीपा वाढल्या. सकाळी लावलेला नंबर दुपारी यायचा. तशात एक चांगलं काम चालून आलं. आमच्या भागातल्या शाळांवरचे काही शिक्षक औरंगाबादेत राहायचे आणि रोज अप-डाऊन करायचे. शाळा उघडल्यावर त्यांना घरापासून शाळेपर्यंत आणायचं, संध्याकाळी सोडायचं, असं ठरलं. त्यांच्यातल्या मुख्याध्यापिका बाई नानांना म्हणाल्या, "घंटेच्या आत पोचवा दादा, मग बैल जुंपून आणा की!"

"बैल परवडले बाई," नाना म्हणाले, "ते तापत तरी न्हाईत."

बाई हसल्या. नाना हसले नाहीत. शाळा जूनमध्ये उघडणार होत्या आणि आमचा मे चालू होता. जीप दुरुस्त झाली तर नाना घरी राहणार होते. नाही झाली तर ट्रकवर जाणार होते. हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण माय रोज गाडीचा आवाज आला की हातातलं काम ठेवून दारात यायची आणि नानांच्या तोंडाकडे बघायची.

मी तेव्हा जालन्याला बीएस्सीला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. भौतिकशास्त्र घेतलं होतं, म्हणून नानांना वाटायचं की गाडीचं मला कळणार. "तुमच्या पुस्तकात काय म्हन्तेत?" ते विचारायचे. पुस्तकात उष्णतेचं प्रकरण होतं, गणितं होती. या जीपला काय झालंय ते नव्हतं. तसं सांगायचा धीर मला व्हायचा नाही. मी म्हणायची, "बघते."

जालन्याच्या मिस्त्रीनं आधी रेडिएटर उतरवून साफ केला. आम्ही हमरस्त्याला लागलो आणि करमाडच्या पुढं काटा चढला. मग पंख्याचा पट्टा बदलला. तरी चढला. मग मिस्त्री म्हणाला, "पंखाच बदलू." मी चाचरत म्हणाले, "चाचा, साठच्या वेगात समोरूनच इतकं वारं येतं. पंखा नसला तरी चालेल ना तेव्हा? कमी वेगात तापत असती तर पंखा."

त्यानं नानांकडे बघितलं. "पोरगी बोल्ती तर बराबर. पन मंग तापतीय कशानं?"

ते मलाही माहीत नव्हतं.

एकदा बॉनेट उघडं ठेवून नाना जागेवरच रेस करत होते आणि मी वाकून बघत होते. आवाज वाढला तसा रेडिएटरपासून इंजिनाकडे जाणारा खालचा रबरी पाइप आत ओढला जाऊन चपटा झाला, वासराच्या तोंडातल्या आचळासारखा. आवाज उतरला की पुन्हा फुगला. मी ओरडलेच. "नाना, पाणीच जात न्हाई! जोरात पळवली की वाट बंद होतीय!"

त्या दिवशी घरी येईपर्यंत आम्ही दोघं खूप बोललो. नवा पाइप बसवला. करमाड गेलं, काटा जागेवर. मी नानांनी विचारायच्या आधीच सांगत होते, "रेघेवर. रेघेवर. रेघेवरच आहे." चिकलठाणा दिसायच्या आत तो हलला. मी गप्प झाले. नानांनीही विचारलं नाही. त्यांनी वेग कमी केला, त्यावरूनच कळलं की माझं गप्प होणं त्यांना ऐकू आलं.

शेवटी मिस्त्रीनं इंजिनाच्या बाजूचं एक बूच ठोकून काढलं आणि बोट आत घातलं. बोट पांढरं होऊन बाहेर आलं. "ड्रायव्हरसाब," तो म्हणाला, "हे इंजन न्हाई, चुन्याची भट्टी हाय."

आत पाण्यातल्या क्षारांचा खडा साचला होता. आमच्याकडच्या हापशांचं पाणी जड. हंड्याला, बंबाला, सगळ्याला पांढरा थर धरतो. आणि स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांची एक रीत होती. थांबलं की आधी गाडीला पाणी दाखवायचं, मग आपण चहा घ्यायचा. बैल सोडल्यावर आधी त्यांना पाणी, तसंच. नानांनी ही रीत कधी मोडली नाही. जिथं थांबले तिथल्या हापशाचं ताजं पाणी बादलीभर ओतलं. जेवढी काळजी घेतली तेवढा थर वाढत गेला. पाण्याच्या वाटा बोटाएवढ्या होत्या त्या काडीएवढ्या झाल्या. हळू चाललं तर तेवढ्या पुरायच्या, वेगात पुरायच्या नाहीत. हे आता मला सगळं समजत होतं, पण त्याचा उपयोग काय ते समजत नव्हतं.

"तेजाब टाकावा तर लोखंड बी खाईल," मिस्त्री म्हणाला. "मी न्हाई टाकत."

माय अंगणात तांब्याचा बंब चिंचेनं घासून त्याचा पांढरा थर काढत होती. नाना ओट्यावर बसून कितीतरी वेळ त्या बंबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चिंच किती हाय घरात?"

मायनं मान वर केली. "आता गाडीचं सार करून राह्यले का?"

"करतो."

"फोडनी बी देऊ का वरून?"

पण तिनंच मोठ्या पातेल्यात चिंच उकळली, फडक्यातून दोनदा गाळून दिली. ते पाणी रेडिएटरात भरून नाना आतल्या रस्त्यांवर गाडी फिरवत राहिले. खालची तोटी उघडली तेव्हा भिंतीला मारायच्या चुन्यासारखं पाणी खाली आलं. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. पाणी स्वच्छ येईस्तोवर तेच केलं. शेजारी गाडीचा वास घ्यायला येऊन गेले.

मग आम्ही हमरस्त्याला लागलो. करमाड गेलं. चिकलठाणा आलं. नानांनी गाडी सत्तरपर्यंत नेली आणि काटा मधल्या रेघेवर बसलेला. मी काही बोलले नाही, बोलले तर हलेल अशी भीती वाटत होती. चिकलठाण्याला नाना चहा प्यायले. "जून लागू दे," एवढंच म्हणाले. मी त्यांना इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. त्या टपरीवर बसून मी पहिल्यांदा विचार केला, की आमच्याही घरात एखादी गोष्ट नीट होऊ शकते.

परतताना मागून पांढरा धूर यायला लागला. नानांनी गाडी बाजूला घेतली, इंजिनातल्या तेलाची पट्टी ओढून बघितली. तेलाला दुधाच्या चहाचा रंग आला होता. तेलात पाणी उतरलं होतं. नानांनी ती पट्टी पुसली, परत घातली, परत काढली. रंग तोच.

मिस्त्रीनं इंजिन खोललं. पाणी आणि तेल वेगळं ठेवणारी आतली लोखंडाची भिंत गंजून केव्हाच चाळणी झाली होती. त्या खड्यानंच भोकं बुजवून धरली होती. तो गेला आणि भोकं उघडी पडली. "चिंच घातली नसती तर तापत राह्यली असती," मिस्त्री म्हणाला, "अन् घातली तर हे. तुमचा कसूर न्हाई." नानांनी मान हलवली. दोष नव्हता हे कळून त्यांना बरं वाटलं असेल असं मला वाटत नाही. निदान मला तरी नाही वाटलं. चूक झाली असती तर पुढच्या वेळी ती टाळता आली असती.

दुसरं इंजिन घालण्याएवढे पैसे आमच्याकडे नव्हते. शिक्षकांनी दुसरी जीप ठरवली. मुख्याध्यापिका बाई स्वतः स्टँडवर येऊन तसं सांगून गेल्या. वाईट बोलल्या नाहीत.

जूनमध्ये मी कॉलेजला निघाले तेव्हा नाना माझ्याबरोबर जालन्याच्या पॅसेंजरमध्ये बसले. त्यांच्याजवळ एक पिशवी आणि घडी केलेलं घोंगडं होतं. बाजारात ट्रक उभा होता, ताडपत्री बांधून झाली होती. स्टिअरिंगवर वेगळाच माणूस होता, नानांपेक्षा पुष्कळ लहान. इतक्या वर्षांनी परत गेल्यावर नानांना जोडीचा ड्रायव्हर म्हणूनच घेतलं होतं.

"या काका, बसा जल्दी," तो म्हणाला.

"कधी याल?" मी विचारलं.

"पल्याड माल उतरला की परतीचं भाडं कुठलं मिळतंय, त्याच्यावर हाय." ते वर चढले. "जा बाई, तुझा तास बुडंल."

ट्रक वळेपर्यंत मी तिथंच थांबले. मग कॉलेजात गेले. तास सुरू झाला होता, मी मागच्या बाकावर बसले. सर फळ्यावर गणित सोडवत होते. मी ते उतरवून घेतलं.